बीचवर कचराकुंड्या दुप्पट केल्या तरी घाण तेवढीच, काय चुकतंय?

वाळूतला_किडा:
आम्ही दहाबारा जण दर रविवारी बीच साफ करतो. गेल्या सीझनला मागे लागून लागून कुंड्या दुप्पट करून घेतल्या, वाळूत सगळीकडे ठेवल्या, तरी सोमवारी सकाळी बघावं तर कुंड्या ओसंडतायत, पिशव्या फाटलेल्या आणि अर्धा कचरा पाण्याच्या कडेला. लोकांना शिस्त नाही हे मान्य, पण तेवढंच कारण आहे का? आता ग्रुपमध्ये कोणी म्हणतंय वाळू चाळायचं मशीन आणूया. अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

उधाण:
कुंड्या वाळूत ठेवल्या हीच गडबड. वाळूत साधी गाडी रुतते, म्हणून त्या वेळेवर रिकाम्या होत नाहीत, वर वारा, कावळे, कुत्री, आणि अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती आली की कुंडीसकट सगळं पाण्यात. माणूस कचरा टाकतो तो बहुतेक निघताना, तेव्हा कुंड्या बाहेर पडायच्या वाटेवर नि पार्किंगपाशी हव्यात, झाकणवाल्या, जमिनीला जखडलेल्या. आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी एकदा, अंधार पडल्यावर एकदा उचला, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. कुंडी भरलेली दिसली की लोक पिशवी शेजारी टेकवतात आणि त्यांना खरंच वाटतं आपण कुंडीत टाकली!

थोटूक:
+१, पण आधी मोजा हो. १०० मीटरचा एक पट्टा धरा, दर वेळी तोच, आणि काय सापडलं ते नग मोजून लिहा. वजन नको, ओली वाळू आणि शेवाळ घुसून आकडा काहीच्या काही येतो. १९८६ मध्ये टेक्सासला सुरू झालेलं इंटरनॅशनल कोस्टल क्लीनअप (जगभरची किनारा-सफाई मोहीम) अजूनही अशीच नगांची यादी करतं. यादी झाली की कचरा कुठून येतो ते कळायला लागतं. सिगारेटची थोटकं, प्लेटा, चमचे हे बहुधा पर्यटकांचं, जाळ्यांचे दोर समुद्रातून येतात, आणि इअरबडच्या काड्या नि सॅनिटरी पॅड दिसले तर समजा सांडपाण्यातून आलंय, तिथे कुंडी काय करणार? (बादवे थोटकातला फिल्टर कापसाचा नसतो, सेल्युलोज अ‍ॅसिटेट, म्हणजे प्लास्टिकच.)

ओली_वाळू:
मशीनचं सांगते. चाळणीच्या भोकाहून बारीक ते खालीच राहतं, म्हणजे थर्माकोलचे मणी तसेच. उलट वाहून आलेलं शेवाळ सगळं उचललं जातं, त्यातल्या किड्यांवर किनाऱ्यावरचे पक्षी जगतात. ब्लू फ्लॅगच्या (चांगल्या बीचना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) निकषांतसुद्धा त्रास होत नसेल तर शेवाळ राहू द्या असंच आहे. कासवं अंडी घालतात तिथे तर मशीन नकोच नको. हाताने वेचा, वेळ लागतो, लागू दे.

वाळूतला_किडा:
नग मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता आठवतंय, काड्या सापडतात त्या एका टोकाला, जिथे नाला येऊन मिळतो तिथेच. नाल्याच्या तोंडाशी जाळी लावली तर?

उधाण:
लावा, पण रोज उपसणार कोण ते आधी लेखी ठरवून घ्या. तुंबली तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी मागे घरांत शिरेल आणि लोक जाळीच कापून टाकतील.