‘एक्झॅक्टिंग’ला काटेकोर म्हणायचं का?

अवांतरप्रेमी:
परवा एका शिफारसपत्राचं मराठी तपासत होतो. मूळ इंग्रजीत बाईंच्या ‘एक्झॅक्टिंग स्टँडर्ड्स’ची वाखाणणी होती, अनुवादकाने ‘काटेकोर निकष’ लिहून मोकळं केलेलं. मी लाल रेघ मारली. काटेकोर माणूस आपलं काम नीट करतो, बस्स. एक्झॅक्टिंग माणूस समोरच्याकडून करून घेतो, त्याचा घाम काढतो. हा शब्द ‘अचूक’ अर्थाच्या ‘एक्झॅक्ट’ला शेपूट लावून झालेला नाही. तो त्याच नावाच्या क्रियापदावरून आलाय, आणि त्या क्रियापदाचा अर्थ वसूल करणे, उकळणे. १६११ च्या किंग जेम्स बायबलात, लूकच्या तिसऱ्या अध्यायात, योहान जकातदारांना बजावतो की ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका. तिथे हेच क्रियापद आहे. लॅटिनमध्ये तर ‘एक्झाक्तोर’ म्हणजे करवसुली करणाराच. माझ्या मते ‘जाचक’ जास्त जवळचा.

रेघोटी:
जाचक? शिफारसपत्रात? बाईंची नोकरी घालवाल अशाने. व्युत्पत्ती म्हणजे शब्दाची जन्मपत्रिका, पुढे संसार कसा झाला ते तिच्यात नसतं. ‘मेटिक्युलस’ घ्या. लॅटिन ‘मेतुस’ म्हणजे भीती, आणि इंग्रजीत सोळाव्या शतकात आला तेव्हा अर्थही भित्रा असाच. मग बारीकसारीक गोष्टींचा नको इतका बाऊ करणारा, आणि आता बारकाईने काम करणाऱ्याची निव्वळ स्तुती. इंग्रजी शब्दवापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ साली या शब्दावर नाक मुरडलं होतं. कोण ऐकतंय!

अवांतरप्रेमी:
मेटिक्युलसमधली भीती मेली, मान्य. एक्झॅक्टिंगमधली वसुली अजून जिवंत आहे. ‘नवे साहेब फार एक्झॅक्टिंग आहेत’ असं कुणी सांगितलं की पोटात गोळा येतो की नाही, खरं सांगा.

पासंग:
दोघंही अर्ध्या वाटेवर थांबलात. मूळ क्रियापद ‘एक्सिगेरे’. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘आगेरे’ म्हणजे हाकणे. जाता जाता, हा ‘आगेरे’ आणि संस्कृतातला ‘अजति’ एकाच कुळातले. तर आधी बाहेर हाकणे, मग मागणे, वसूल करणे. पण त्याच क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे: तोलणे, मापाला लावून पाहणे. ‘एक्झामेन’ त्यातलाच, म्हणजे तराजूचा काटा. परीक्षेचा ‘एक्झाम’ तिथून आला. आता सांगा, आपल्या ‘काटेकोर’मधला काटा कुठला? तराजूचाच ना? तुमच्या अनुवादकाने डोळे मिटून दगड मारला आणि नेमका आंबा पडला.

रेघोटी:
घ्या! पुसा ती लाल रेघ.

अवांतरप्रेमी:
काट्याला दाद. तरी अडचण उरतेच. ‘एक्झॅक्टिंग टास्क’चं काय करता? तिथे साहेब नाही, तराजू नाही, ते कामच तुमच्याकडून लक्ष आणि ताकद वसूल करतं. त्याला ‘काटेकोर काम’ म्हटलं तर अर्थ उलटा होतो, काम नीटनेटकं झालंय असा.

पासंग:
कामाला मी ‘कस पाहणारं’ म्हणेन. माणसाला काटेकोर राहू द्या.

रेघोटी:
मग बाईंचे निकषही कस पाहणारेच की. त्यात दरारा आहे, शिवी नाही.

अवांतरप्रेमी:
‘कस पाहणारे निकष’... हे घेतो. अनुवादकाला आज कळवतो. ‘जाचक’ मी मनातल्या मनात वाचीन.