मदत हवी आहे: पुराआधी घर नेमकं कधी सोडावं?

मंडळी, आमचं घर नदीकाठी सखल भागात आहे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे रस्त्यावर पाणी येईपर्यंत थांबायची माझी अजिबात तयारी नाही. वाहतं पाणी जेमतेम 15 सेंटिमीटर असलं तरी माणसाचा तोल जातो आणि 30 सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी तरंगू लागते. कागदपत्रं, औषधं, टॉर्च, पॉवर बँक पिशवीत भरून ठेवलंय. निघताना मेन स्विच, गॅस बंद करायचा हेही ठरलंय.

पण नदीनं इशारा पातळी गाठल्यावर निघावं, की त्याही आधी? स्ट्रेचर नसताना त्यांना गाडीपर्यंत सुखरूप कसं न्यायचं? चादरीत उचललं तर पाठीला इजा होईल अशी भीती वाटते. शिवाय वीज नसताना इन्सुलिन थंड कसं ठेवता? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.