मदत हवी आहे : 'आहट'चे सुरुवातीचे भाग

नमस्कार मंडळी. १९९५ साली सोनीवर 'आहट' सुरू झाली तेव्हा मी चौथीत होतो, परभणीत. गल्लीत केबल फक्त शेजारच्या काकूंकडे. भाग संपला की त्यांच्या ओसरीपासून आमच्या दारापर्यंतची वीस पावलं जीव मुठीत धरून पळायचो. रात्री माळवदाच्या झरोक्यावरचा पत्रा वाऱ्यानं वाजला की आज्जीच्या वाकळीत शिरायचो. ती काही न बोलता पाठीवर हात फिरवत राहायची.

परवा मोबाईलवर दोन-तीन भाग पाहिले. भुतांचा मेकअप आता कळतो, पण दाराची ती करकर ऐकून अंगावर काटा आलाच! शिवाय लहानपणी न कळलेलं एक लक्षात आलं : तेव्हा भुतांइतक्याच खुनांच्या, संशयाच्या गोष्टी असायच्या. पुढं 'सीआयडी' करणाऱ्या बी. पी. सिंग यांचीच ही मालिका, त्यामुळं असेल.

पहिल्या पर्वाचे भाग क्रमानं, पूर्ण कुठं बघायला मिळतील? आणि माझी नऊ वर्षांची लेक सोबत बघायचा हट्ट धरून बसलीय. तिच्या झोपेचं खोबरं होणार नाही असे कोणते भाग आधी दाखवू? ज्यांनी मुलांसोबत पाहिलेत त्यांनी कृपया सांगा.