अनुभव धागा: झाडांवरची भुरी कशी ओळखली, कशी आटोक्यात आणली?

गच्चीवाली (इंदिरानगर)
परवा दोडक्याच्या पानांवर कुणी पीठ चाळून गेल्यासारखं दिसलं. बोटाने पुसलं तर गेलं. चार दिवसांनी परत हजर, आणि आता शेजारच्या काकडीवरही. माळीदादा म्हणाले, "भुरी आहे, पानावरची पांढरी बुरशी. औषध मारा." मारायच्या आधी म्हटलं, इथे विचारावं. कोणतं झाड होतं, कशी ओळखलीत, काय केलंत, सगळं लिहा. फसलेले प्रयोगही लिहा, तेच जास्त कामाचे असतात.

निफाडकर
ताई, आमची द्राक्षबाग आहे, भुरी आमच्या घरातलीच समजा. ऑक्टोबर छाटणी झाली, घड बाहेर पडले आणि आभाळ भरून आलं की वडिलांची झोप उडते. त्यांचा हिशोब असा: पाऊस पडला, पान ओलं राहिलं तर डावणी, म्हणजे द्राक्षावरचा दुसरा बुरशीचा रोग. पाऊस नाही, नुसतं ढगाळ, हवेत दमटपणा आणि वेलीत दाटी, तर भुरी. भुरीला पानावर पाणी लागतच नाही. डावणीत पानाच्या वरून तेलकट पिवळा डाग दिसतो आणि पांढरी बुरशी पान उलटल्यावर. भुरी वरच्या बाजूलाही पसरते. मण्यावर आली तर साल ताठरते, आतला गर फुगत राहतो आणि मणी तडकतो. म्हणून आम्ही दिसायची वाट बघत नाही.
पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पारा 35 कडे चढला असेल तर हातच लावायचा नाही.
आणि एक, आमच्या द्राक्षाची भुरी तुमच्या गुलाबावर येत नाही. दोन्हींची बुरशी वेगळी.

काकडीवाला
गंधकाबद्दल वरचं खरं आहे, मी भाजून घेतलंय. मार्चच्या दुपारी काकडीवर मारलं, संध्याकाळपर्यंत पानांच्या कडा करपल्या. वेलवर्गीय भाज्या गंधकाला नाजूक. त्यातून मी आठवड्यापूर्वीच निंबोळी तेल फवारलं होतं. तेल आणि गंधक यांच्यात निदान पंधरा दिवस जाऊ द्यायचे असतात, हे नंतर दुकानदाराने सांगितलं. विकताना नाही सांगितलं!

जास्वंदप्रेमी
माझं तर निदानच चुकलं. जास्वंदीवर पांढरं दिसलं, भुरी समजून दोन महिने आंबट ताक मारलं. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली तेव्हा नीट बघितलं. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके, पानं चिकट. पिठ्या ढेकूण! भुरी पुंजक्यात नसते, चिकटही नसते. ताकाने ढेकणाचं काही बिघडलं नाही, शेजाऱ्यांच्या नाकाचं मात्र बिघडलं.

पंचवटीची आजी
एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी. आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात, पानाच्या दोन्ही बाजूंना. दुधी भोपळ्यावर नव्याने आलेली भुरी थांबली. पांढरी झालेली पानं हिरवी होत नाहीत, ती आधी कापून काढली. आमच्या मांजराने दोन दिवस वेल सोडली नाही.

वाचूनसांगतो
आजी, तुमच्या वाटीला पुरावा आहे. ब्राझीलमध्ये बेत्तिओल या संशोधकांनी 1999 साली झुकिनीवर (भोपळ्याच्या कुळातली भाजी) हाच प्रयोग प्रसिद्ध केला, दुधाचं प्रमाण दहा टक्के किंवा जास्त असलं की भुरी चांगली आटोक्यात राहिली. पण अख्खं पान झाकोळेपर्यंत वाट बघितली तर दूधही हात टेकतं.

गुलाबवेडा (नाशिक रोड)
गुलाबावर भुरी कोवळ्या शेंड्यावर आणि कळीखाली येते, पान आत मुरडतं. माझ्या कुंड्या भिंतीला चिकटून होत्या, वर युरियाचा लाड. कुंड्या दोन हात पुढे ओढल्या, मधल्या फांद्या छाटल्या, युरिया बंद. औषधाशिवाय निम्मं काम तिथेच झालं. पाण्याच्या फवाऱ्याने सकाळी पानं धुतली तरी भुरी दबते, पण पानं दिवसभर ओली राहिली तर काळे ठिपके पडतात. तो दुसरा संसार.

किडेमित्र
फवारायच्या आधी पान उलटून बघा. पिवळे, बिनठिपक्यांचे, मसुराएवढे भुंगे दिसले तर ते भुरीच खातात. मी कीड समजून मारले होते. अजून वाईट वाटतं.

गच्चीवाली
सगळ्यांचे आभार. दोडक्याची खालची अकरा पानं काढून पिशवीत बांधली, आजींचं दूध दोनदा मारलं. नवी पानं स्वच्छ आहेत, काकडीवर अजून दोन ठिपके. गंधक आणलंच नाही. आता खालच्या काकूंच्या लाल भोपळ्यावरही पांढरं दिसतंय, शिरांच्या बगलेत, सगळ्या पानांवर सारखंच.

निफाडकर
पुसून बघा. जात नसेल तर ती पानाचीच नक्षी आहे, भोपळ्यात असते. काकूंना दूध चहात घालायला सांगा.