‘ऑफलाइन सर्व्हर’ला मराठीत काय लिहायचं?

पाटीपेन्सिल:
आमच्या कॉलेजच्या जुन्या लॅबमधे सहा लिनक्स सर्व्हर आहेत, त्यांना इंटरनेट नाही, नियमच तसा आहे, दाराजवळच्या एकाच मशीनला दोन नेटवर्क कार्डं आहेत आणि तेवढंच बाहेरच्या जगाशी बोलतं. रात्री ही सहाही रिकामी बसतात म्हणून प्राचार्यांची लेखी परवानगी काढून ती बॉइंक नावाच्या सॉफ्टवेअरमधून आइनस्टाइन अ‍ॅट होम या प्रकल्पाला जोडायचं ठरवलं, म्हणजे पल्सार (ठरावीक वेळाने ज्यांचे सिग्नल येतात ते तारे) शोधायच्या कामाला. लॅबच्या मामांसाठी आणि फर्स्ट इयरच्या पोरांसाठी सगळं मराठीत एका कागदावर लिहिलं. त्यात वाक्य होतं, ‘ऑफलाइन सर्व्हर आधी मोजून घ्या.’ मामा मोजून आले आणि म्हणाले ऑफलाइन एकही नाही, सगळ्यांची लाइन चालू आहे! त्यांचं काहीच चुकलं नाही, आमच्याकडे लाइन म्हणजे वीज, लाइन गेली, लाइन आली. एका मुलीने विचारलं की ऑफलाइन म्हणजे स्वतः जाऊन करायचं ना, ऑफलाइन परीक्षेसारखं? तर ‘मशीन चालू आहे, आपसात जोडलेलंही आहे, पण इंटरनेट नाही’ हे सांगणारा शब्द हवाय. शिवाय ‘व्हॉलंटिअर कॉम्प्युटिंग’साठी, म्हणजे लोकांनी आपापले रिकामे कॉम्प्युटर अशा कामाला फुकट देण्यासाठी, मी ‘स्वयंसेवी संगणन’ लिहिलंय, तेही बरोबर वाटत नाहीये.

शुद्धमती:
असंलग्न सेवासंगणक. दोन्ही शब्द मराठी घडणीचे आहेत आणि अर्थ नेमका आहे. इंग्रजी शब्दाचे तीन अर्थ लागतात हे तुम्हीच लिहिलंय, मग तोच धरून कशाला बसायचं?

रात्रपाळी:
कॉलेजात असंलग्न म्हटलं तर विद्यापीठाने मान्यता काढली असंच वाटेल. आणि सर्व्हरला सर्व्हरच राहू दे, रेशन दुकानापासून तलाठी ऑफिसपर्यंत ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही, तो शब्द आपला झालाय.

जुना डायलअप:
मला ‘ऑफलाइन’ सोडवत नाही. १९९९ साली सेटी अ‍ॅट होम, म्हणजे परग्रहवासीयांचे सिग्नल शोधणारा असाच प्रकल्प, सुरू झाला तेव्हा घरी डायल-अप होतं. फोन लावायचा, कामाची एक खेप उतरवून घ्यायची, साधारण ३५० केबीची, की फोन ठेवायचा, मग दिवसभर कॉम्प्युटर स्वतःच गणित करत बसायचा आणि रात्री उत्तर पाठवायला पुन्हा फोन. आमच्या तोंडी तेव्हा ऑफलाइन म्हणजे ‘फोन ठेवलाय पण काम चालू आहे’, तुम्हाला हवाय अगदी तोच अर्थ. २०२०च्या मार्चअखेर सेटीने नव्या खेपा पाठवणं बंद केलं त्या दिवशी मला खरंच घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं. आणि त्याच सुमारास शाळा मोबाइलवर आली, ऑफलाइनचा अर्थही तेव्हापासूनच फिरला.

कोरडवाहू:
आमच्या नगरकडे याला शब्द तयार आहे. कोरडवाहू. जमीन चांगली आहे, पिकते, फक्त पाणी नाही. तुमच्या दारातल्या मशीनवरून चारी काढायची आणि सहाही वावरं भिजवायची, एवढंच तर काम आहे.

पाटीपेन्सिल:
हे मामांना लगेच कळेल! पण कोरडवाहू सर्व्हर असं कागदावर लिहू का?

रात्रपाळी:
शब्द काहीही ठेव, आधी ती चारी नीट काढ. दारातल्या मशीनवर स्क्विड हा प्रॉक्सी प्रोग्रॅम टाक, सहाही सर्व्हरच्या वतीने तोच इंटरनेटशी बोलेल, मग प्रत्येक सर्व्हरच्या बॉइंकमधे प्रॉक्सी म्हणून त्याचा पत्ता आणि पोर्ट ३१२८ दे. कामाचा साठा दहा दिवसांपर्यंत मागता येतो पण तेवढा घेऊ नको, मुदत उलटली तर ती खेप दुसऱ्याला देतात. आणि सगळ्यात आधी घड्याळं बघ, इंटरनेट नसलेल्या मशीनचं घड्याळ सरकलेलं असतं, मग वेबसाइटच्या सर्टिफिकेटची, म्हणजे तिच्या ओळखपत्राची, तारीख जुळत नाही आणि जोडणीच होत नाही, माझे दोन दिवस यात गेलेत. प्रॉक्सी शब्द मात्र पोरांना समजावून सांगावा लागणार नाही. एकाने दुसऱ्याची हजेरी लावणे, बरोबर तेच.

शुद्धमती:
हजेरीची प्रॉक्सी ही लबाडी आहे, इथे लबाडी नाही. मध्यस्थ लिहा.

करवीर:
व्हॉलंटिअरचं बोला की. आमच्याकडे पैरा म्हणतात. आज तुम्ही आमच्या रानात, उद्या आम्ही तुमच्या.

कोरडवाहू:
पैरा फेडावा लागतो. इथे कोण फेडतंय? पॉइंट मिळतात, पैसे नाहीत. हे इर्जिक आहे. गावातले सगळे आपापली औतं घेऊन एकाच्या रानात येतात, दिवसात नांगरट उरकतात आणि ज्याचं रान तो जेवण घालतो. हजारो लोक आपापली मशीनं घेऊन एकाच कामाला भिडतात, यापेक्षा जवळचा शब्द नाही.

करवीर:
जेवण घालतात म्हणजे फेडलंच की. आणि इर्जिकाला आलेल्याच्या रानात वेळ आल्यावर तुम्ही गेला नाहीत तर पुढच्या वर्षी कोण येतंय ते बघा.

जुना डायलअप:
सावड का नको? ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एकबैल्याशी जोडी करतो. आइनस्टाइनमधे तेच आहे, एकच खेप दोन वेगवेगळ्या मशीनना देतात आणि उत्तरं जुळली तरच धरतात. २०१० साली अरेसिबो दुर्बिणीच्या डेटात यांना पहिला पल्सार मिळाला तो असाच, आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एकाच्या कॉम्प्युटरवर. कधी न भेटलेल्या माणसांची जोडी. मला हे फार मोठं वाटतं.

शुद्धमती:
सावडणे म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर स्मशान येतं. अस्थी सावडतात. शुभ कामाला तो शब्द नको. गणनदान घ्या, श्रमदानासारखं.

कोरडवाहू:
सावड वेगळी, अस्थी सावडणं वेगळं. आणि श्रमदान म्हटलं की लोक फोटोपुरते येतात, इर्जिकाला आलेला माणूस बैल घेऊन येतो.

पाटीपेन्सिल:
इर्जिक मला पटतंय, कागदावर टाकतो. म्हणजे हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय ना, तिच्या अमेरिकेतल्या भावंडांचा डेटाही हेच आइनस्टाइनवाले तपासतात, ते सांगितलं की मामांना इर्जिकाचं रान कुठलं तेही कळेल, त्यांची सासुरवाडी तिकडची आहे. पण ऑफलाइनचं राहिलंच. ‘बिननेटचा’ चालेल का?

वऱ्हाडी:
ते नंतर बघा. इर्जिक, पैरा झालं, माझे आजोबा वारंगुळा म्हणायचे. आळीपाळीने एकमेकांचे बैल वापरायचे. यात ‘वार’ आलाय तो सोमवार-मंगळवारमधला, पाळीचा दिवस, असं मला कायम वाटत आलंय. ‘गुळा’ कुठून आला कुणी सांगेल का?

करवीर:
गूळ वाटत असतील काम झाल्यावर. आमच्याकडे गुऱ्हाळाला पैऱ्यावर गेलं की काहिलीतला गरम गूळ पानावर मिळायचाच.

वऱ्हाडी:
आमच्याकडे गुऱ्हाळ नव्हतंच, कापूस होता. गुळाचं नसावं.