रस्त्याचं काम, तहसील, पोलीस ठाणे: मोबाईलवर शूटिंग केलं तर नेमकं कोणतं कलम लागतं?

सेलूकर_७
गावच्या जोडरस्त्याचं डांबरीकरण चालू आहे. काही पोरं कामाचं शूटिंग करून लोकल यूट्यूब चॅनलला द्यायचं म्हणायलेत. गुत्तेदाराचा सुपरवायझर म्हणतो, परवानगी दाखवा नाहीतर ३५३ लावतो. तक्रारीसाठी तहसीलला आणि ठाण्यातही जावं लागंल; तिथं 'चित्रीकरणास सक्त मनाई' असा बोर्ड आहे. परवानगी खरंच लागते का? बोर्डाला कायद्याचा आधार किती? आणि ठाण्यात मोबाईल काढून घेतला तर काय करायचं? कलमासकट सांगा.

गोदाकाठ
भारतीय दंड संहितेचं ३५३ (लोकसेवकाला कामापासून रोखायला हल्ला) आता राहिलंच नाही. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ आहे. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, तोही लोकसेवकावर. गुत्तेदाराचा माणूस लोकसेवक नव्हे. साइटवर आलेला शाखा अभियंता मात्र आहे. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून उघड्यावरचं काम टिपायला परवानगी लागते, असं सांगणारं कलम नाही. आधार संविधानाच्या १९(१)(क)चा (अभिव्यक्ती स्वातंत्र्य), मर्यादा १९(२)च्या.

घोळ होतो तो दुसरीकडं. मोबाईल साहेबाच्या तोंडापाशी नेला, त्यानं तो झटकला, पोरानं हात धरला, की फिर्यादीत 'धक्काबुक्की करून शासकीय कामात अडथळा' येतं. १३२ अजामीनपात्र आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. म्हणून दहा-बारा फुटांवर उभं राहा, रोलर-टिपरच्या वाटेत नको, आणि दुसऱ्या एकानं लांबून शूटिंग करणाऱ्यालाच फ्रेममध्ये ठेवावं. पुढं 'धक्का दिला' म्हणणाऱ्याला उत्तर त्याच क्लिपमध्ये असतं. बळ न वापरता नुसता अडथळा केला तर २२१: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात कोर्टाला दखल घ्यायला त्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते.

कोरडवाहू
कामाबद्दल थोडं. सुरुवात माहिती फलकापासून करा: कामाचं नाव, रक्कम, लांबी, दोषदायित्व कालावधी (रस्ता बिघडला तर गुत्तेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत). मग किलोमीटरचा दगड, मग न तोडता टेप थराच्या कडेला लावून. रोलर फिरायच्या आधी मोजलं तर थर जाडच दिसतो, दबल्यावर मोजा. जाडी अंदाजपत्रकाशी ताडून बघा. ते माहिती अधिकारात मिळतं, अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागं २ रुपये. अंदाजपत्रक हातात नसताना 'बोगस काम' ओरडणारा व्हिडिओ अभियंता एका मिनिटात उडवून लावतो.

२०२३ मध्ये अंबड तालुक्यातला गालिच्यासारखा उचललेला रस्ता सगळ्यांनी बघितला, तेव्हापासून जो तो थर उचकटायलाय. ते करू नका. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा तुमच्यावरच फिरेल.

खंडपीठ_वाचक
ठाण्याच्या बोर्डाबद्दल. पूर्वी पोलीस थेट शासकीय गुप्तता कायदा, १९२३ लावायचे. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं वर्ध्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं की कलम २(८) मधल्या 'प्रतिबंधित ठिकाण' या व्याख्येत पोलीस ठाणे बसत नाही. २०२४ मध्ये आपल्या औरंगाबाद खंडपीठानंही पाथर्डीच्या प्रकरणात ठाण्यातल्या संभाषणाच्या रेकॉर्डिंगबाबत तेच म्हटलं. मात्र तिथं गुन्हा रद्द झाला तो गुप्तता कायद्यापुरताच. धमकी, कट ही कलमं त्या आदेशानं आपोआप पुसली गेली नाहीत. व्हॉट्सॲपवर 'ठाण्यात शूटिंगला कोर्टाची परवानगी' म्हणून फिरतं ते अर्धवट आहे.

तहसीलचा बोर्ड म्हणजे कायदा नव्हे. पण दालनात कोण थांबेल हे कार्यालयप्रमुख ठरवू शकतो. 'बाहेर जा' म्हटल्यावर अडून बसलात तर न्याय संहितेचं अतिक्रमणाचं कलम ३२९ दाखवलं जातं. काउंटरपाशी, लोकांच्या वावराच्या जागेत शूटिंग करणं वेगळं आणि दालनात घुसून करणं वेगळं. कोर्टरूममध्ये परवानगीशिवाय मोबाईल काढूच नका.

लष्करी आस्थापना गुप्तता कायद्याच्या 'प्रतिबंधित ठिकाण' या व्याख्येतच येतात, छावणीच्या भागात सांभाळा. पाणी-विजेच्या प्रकल्पांना मात्र केंद्राची अधिसूचना लागते आणि तिची प्रत इंग्रजी व स्थानिक भाषेत जागेवर लावलेली असावी लागते. जायकवाडी किंवा परळीच्या थर्मलपाशी फाटकावर ती आहे का, ते आधी वाचा.

सेलूकर_७
आभार. मोबाईल घेतलाच तर? आणि व्हिडिओ पुरावा म्हणून चालावा यासाठी काय जपायचं?

खंडपीठ_वाचक
जप्ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम १०६ खाली होते. पंचनामा मागा; त्यात मेक, मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), मेमरी कार्ड आहे की नाही हे लिहून घ्या. जप्तीची खबर दंडाधिकाऱ्याला द्यावी लागते, फोन परत मागायचा अर्जही तिथंच. 'इथंच डिलीट कर, जा' असं कोणी म्हटलं तर ती जप्ती नव्हे. ठाण्यातलीच घटना असेल तर तारीख-वेळ टाकून सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा लेखी अर्ज त्याच आठवड्यात द्या. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० ला ते शक्यतो १८ महिने, किमान एक वर्ष ठेवायला सांगितलंय.

पुराव्यासाठी मूळ फाईल ज्या मोबाईलवर काढली त्यातच ठेवा, ट्रिम करू नका. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि हॅश (फाईलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-आकडा) बदलतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. प्रत सादर करताना नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडा: भाग 'अ' तुमचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा, दोन्हीत हॅश. हॅश काढायला एसएचए-२५६ ही पद्धत वापरा.

गोदाकाठ
एक राहिलं: व्हिडिओ काढणं आणि तो नेटवर टाकणं या दोन गोष्टी आहेत. पैठण-गंगाखेडचा घाट सार्वजनिकच, पण अंघोळ करणाऱ्या बाईकडं कॅमेरा वळवला तर न्याय संहितेचं ७७ (बाईला खासगी क्षणी बघणं-टिपणं; पहिल्यांदा एक ते तीन वर्षं) आणि आयटी कायद्याचं ६६ई (संमतीशिवाय खासगी अंगाचं चित्रण) लागू शकतं. जागा सार्वजनिक होती, हा बचाव ६६ई मध्ये चालत नाही.

बालविवाह थांबवल्याचे व्हिडिओ आपल्याकडं हमखास टाकले जातात. लग्नाच्या बेतात असलेली मुलगी बाल न्याय कायद्यानुसार 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' आहे. तिचा चेहरा, नाव, शाळा, गाव काहीही उघड केलं तर कलम ७४: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरीचा चेहरा धूसर केला आणि मागं मंडपावर आडनावासकट बॅनर तसाच राहिला, असं सर्रास होतं. अशा वेळी १०९८ ला (बालकांची हेल्पलाइन) फोन करा, क्लिप टाकू नका.

आणि पोरांना बजावून ठेवा: 'बातमी लावू का?' असं गुत्तेदाराला विचारून वर रक्कम सांगितली, की तो न्याय संहितेचा खंडणीचा ३०८ आहे.