मूल अडखळत वाचतं, म्हणजे आईने वाचून दाखवलं नाही?

अक्षरवेडी:
शाळेत मला ऐकवलं गेलं, "घरी वाचून दाखवत नसाल." दोन्ही मुलांना मी रोज रात्री वाचून दाखवलंय, तीच पुस्तकं. थोरली पाचव्या वर्षी घडाघडा वाचायला लागली, धाकटा आठ वर्षांचा झाला तरी जोडाक्षराला अडतो. जनुकं जवळपास सारखीच असलेल्या एकरूप जुळ्यांचं वाचन एकमेकांशी जितकं जुळतं, तितकं साध्या भावंडांसारख्या भिन्नरूप जुळ्यांचं जुळत नाही, घर एकच असूनही. 2022 साली दहा लाखांहून जास्त लोकांच्या जनुकीय माहितीतून डिस्लेक्सियाशी, म्हणजे वाचनात सतत अडखळण्याशी, निगडित डीएनएमधल्या 42 जागा सापडल्या. तरी बोल आईलाच?

खडूफळा:
बोल लावणं चूकच. पण मी पहिलीला शिकवते आणि "रक्तातच आहे" म्हणून प्रयत्न सोडणारे पालक बघते, ते मला जास्त लागतं. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. खास वाचनासाठी जनुक घडायला तेवढा काळ पुरत नाही. बोलणं कानावर पडून येतं, वाचन शिकवावं लागतं. त्या 42 जागांपैकी एकेकीचा परिणामही नखाएवढा.

अक्षरवेडी:
प्रयत्न कुणी सोडलेत? मी दोषाबद्दल बोलतेय.

मधलीसुट्टी:
आनुवंशिकतेचा आकडा, म्हणजे फरकात जनुकांचा वाटा किती, हा समूहातल्या फरकांचा असतो, एका मुलाचा नाही. 2010 मध्ये फ्लोरिडातल्या जुळ्यांच्या अभ्यासात शिक्षक जितके चांगले, तितका जनुकांचा वाटा जास्त दिसला. उलटं वाटतं, पण शिकवणंच कच्चं असेल तर उपजत कल दिसायला वावच मिळत नाही.

खडूफळा:
म्हणजे शिकवण्यावरच येऊन थांबलं!

अक्षरवेडी:
नाही हो, उत्तम शिकवूनही फरक उरतो, हेच ना त्यातून दिसतं? आणि "जास्त वाचलं की वाचन सुधारतं" हेही तपासा. नेदरलँड्समधल्या सात वर्षांच्या आसपासच्या जुळ्यांत उलट दिशा दिसली: ज्यांना वाचता येतं, ती मुलं जास्त वाचतात. माझा मुलगा पुस्तक टाळतो, कारण त्याला त्रास होतो.

खडूफळा:
हे मान्य. म्हणूनच त्याला नुसती पुस्तकं देऊ नका. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड रोज थोडी थोडी, उघड करून शिकवायला हवी. घरात आणखी कुणाला लहानपणी असं व्हायचं का?

अक्षरवेडी:
त्याच्या बाबांना. शाळेत मला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं.